घेऊ का बुलेट?

गेला दीड महिना आमच्या जेवणाच्या टेबलावर एक कागद पडून आहे. माझ्या मोटारसायकलच्या नोंदणीचा. गाडी २००६ ची. पहिली १५ वर्षं २०२१ ला संपली, तेव्हा पुढच्या ५ वर्षांसाठी मुदत वाढवून घेतली होती. आता तीही संपत आलीय. म्हणजे पुन्हा आरटीओ, पुन्हा तपासणी, पुन्हा फी.

"किती दिवस लोणचं घालणार आहात त्याचं?" सौ. परवा म्हणाली. "एकतर भरून टाका, नाहीतर नवीन गाडी घ्या."

ती हे सहज बोलून गेली आणि भाजी निवडायला बसली. मी मात्र तेव्हापासून ठिकाणावर नाही. कारण "नवीन गाडी घ्या" या तीन शब्दांची मी बहुतेक वीस वर्षं वाट बघत होतो!

तर आधी जुन्या गाडीबद्दल. होंडा युनिकॉर्न, १५० सीसी, रंग काळा. २००४ साली ती बाजारात आली तेव्हा मागचा एकच शॉक ॲब्सॉर्बर हे मोठं नवल होतं, लोक वाकून वाकून बघायचे. आता कोणी बघत नाही. सिग्नलला माझ्या आजूबाजूला उभ्या असलेल्या दहा गाड्यांत ती अकरावी असते, आणि हिरवा दिवा लागला की कोणाच्याही लक्षात न येता निघून जाते.

पण या गाडीनं मला कुठे कुठे नेलंय! चिखलदऱ्याला चार वेळा, त्यातलं एकदा भर पावसात, परतवाड्याच्या पुढे रस्ता दिसत नव्हता तरी. लोणारला. आलापल्लीच्या सागाच्या जंगलातून हेमलकशाला. छिंदवाडा, तामियामार्गे पचमढीला दोनदा. नवेगाव बांध, नागझिरा तर मोजलेच नाहीत. अन् एवढं करून या गाडीबद्दल सांगण्यासारखी माझ्याकडे एकही गोष्ट नाही. मित्रमंडळी जमली की ज्याच्या त्याच्याकडे किस्सा असतो. कोणाची क्लच केबल घाटात तुटली, कोणी रात्री ट्रकमध्ये गाडी टाकून आणली, कोणी खेड्यातल्या लोहाराकडून काहीतरी ठोकून घेतलं. माझं आपलं, गेलो, आलो. फार तर एक पंक्चर. माझी पाळी आली की सगळे चहा मागवतात.

हेच ते दुखणं. गाडीला स्वभावच नाही.

आता मोहाबद्दल. माझ्या एका मित्रानं निवृत्तीच्या पैशातून क्लासिक ३५० घेतली. मला फोन करून म्हणाला, "काऊन बे, इतका कायचा विचार करून राहिला? ये, चालवून पाय. मग बोल." एका रविवारी त्याच्याकडून ती मागून घेतली, सौ. ला मागे बसवलं आणि कामठी, कन्हान, मनसर करत रामटेक गाठलं. पन्नासेक किलोमीटर. रस्ता इतका ओळखीचा की डोळे मिटून जाईन.

आणि खरं सांगतो, तो रस्ता मी पहिल्यांदा बघितला.

साठच्या वेगात ती गाडी अशी काही रमते की सत्तर करावंसं वाटतच नाही. खालून एक ठोका येत राहतो. टपरीवर थांबलो तर चहावाला स्वतःहून बोलायला आला. गाडी कोणत्या सालची, किती देते, माझ्या मामाकडे होती... सगळं. वीस वर्षांत युनिकॉर्नबद्दल मला कोणी एक अवाक्षर विचारलेलं नाही. मनसरला वळताना समोर गडमंदिराचा डोंगर दिसला तेव्हा मी चक्क गुणगुणत होतो.

हा ठोका कुठून येतो, ते मी घरी येऊन शोधत बसलो (निवृत्त माणसाला कामं हवीतच). एका सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. बुलेट जागेवर उभी असताना मिनिटाला हजार फेऱ्या धरल्या तर पाचशे स्फोट, म्हणजे सेकंदाला आठ. आठ ठोके कानाला सुटे सुटे ऐकू येतात. माझी युनिकॉर्न सत्तरला साडेपाच हजार फेऱ्या घेते असं धरलं तर सेकंदाला पंचेचाळीसच्या वर. त्यांचा आपला एक गुणगुणाट होतो. त्यात बुलेटच्या पिस्टनची धाव लांब, आतलं फिरतं चाक जड. म्हणून ती हळू, पण भरीव ठोके देते. आपण ज्याला स्वभाव म्हणतो त्यातला निम्मा भाग हा असा साध्या भागाकाराचा आहे.

उरलेला निम्मा आठवणींचा. मी महालात वाढलो. आमच्या गल्लीत एका डॉक्टरांकडे बुलेट होती. ती सुरू करणं हा सोहळा असे. आधी किक हळूच दाबत दाबत ॲमीटरची सुई मधोमध आणायची, मग डिकॉम्प्रेशनचा छोटा खटका ओढायचा, किक आणखी थोडी सरकवायची, खटका सोडायचा, आणि मग पूर्ण वजन टाकून एकच किक. चुकलं तर ती उलटी येऊन घोट्यावर बसायची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. आम्ही पोरं ओट्यावर बसून बघायचो आणि पहिल्या किकला सुरू झाली तर टाळ्या वाजवायचो. डॉक्टर आमच्याकडे बघून हसायचे. त्या हसण्यात जे काही होतं, ते मला पन्नास वर्षं हवंय असं आता वाटतं.

पण इथेच एक गंमत आहे. ती बुलेट आता कोणी बनवत नाही. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया निघाली. १९७० च्या सुमारास इंग्लंडातला मूळ कारखाना संपला, तरी मद्रासमध्ये तेच लोखंडी इंजिन चालूच राहिलं, ते थेट २०१० च्या आसपासपर्यंत. त्याच्याबद्दल एक जुना विनोद आहे की खाली ऑइल गळत नसेल तर समजा ऑइल संपलंय. मग नवं इंजिन आलं. २०२० मध्ये त्याहून नवं आलं, ते २०२१ ला क्लासिकमध्ये आणि २०२३ ला खुद्द बुलेटमध्ये बसलं. या इंजिनात थरथर मारण्यासाठी मुद्दाम एक बॅलन्सर शाफ्ट घातला आहे. सेल्फ स्टार्टर आहे, पेट्रोल इंजेक्शननं जातं, पुढे एबीएस आहे. थोडक्यात काय, तर इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं खपून तिचा हट्टी स्वभाव काढून टाकला. आणि जुने लोक कुरकुरतात की पूर्वीचा ठोका राहिला नाही!

म्हणजे मी रामटेकला ज्याच्यावर भाळलो ते काय होतं? डॉक्टरांच्या बुलेटचा स्वभाव म्हणजे तिच्या अडचणी, आणि त्या अडचणी सांभाळता सांभाळता डॉक्टरांना आलेलं कसब. ते दोघांचं मिळून होतं. आता मी दुकानात जाऊन बटण दाबून सुरू होणारी गाडी घेणार, आणि सोबत तो स्वभाव आयता मिळावा अशी अपेक्षा करणार. ठोका मिळेल. हसू कुठून आणू?

यावरून दोन माणसं आठवली. पहिला चे गव्हेरा. १९५२ साली तो मित्राबरोबर दक्षिण अमेरिका बघायला निघाला, ५०० सीसीच्या जुन्या नॉर्टनवर. गाडीचं नाव 'ताकदवान' अशा अर्थाचं ठेवलेलं. स्वभाव म्हणाल तर ठासून भरलेला. ती चिलीत पोचून कायमची बसली. पुढचा बहुतेक प्रवास दोघांनी ट्रकमधून, बोटीतून आणि पायी केला. त्या डायरीच्या नावात मोटारसायकल आहे, पण बऱ्याच पानांत ती नाही.

दुसरा रॉबर्ट पिर्सिग. 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स' हे त्याचं पुस्तक १९७४ चं, त्यातला प्रवास १९६८ चा. सोबत अकरा वर्षांचा मुलगा. बऱ्याच जणांना वाटतं की इतकं गहन पुस्तक म्हणजे गाडीही तशीच भारदस्त असणार. तर नाही. त्याच्याकडे ३०५ सीसीची होंडा होती! भारदस्त बीएमडब्ल्यू होती ती बरोबरच्या मित्राकडे. आणि तो मित्र आपल्या गाडीच्या आत काय चालतं हे जाणून घ्यायलाच तयार नव्हता. त्याचा हँडल सैल झाला तेव्हा पिर्सिगनं बिअरच्या डब्याच्या पत्र्याची बारीक पट्टी बसवून देतो म्हटलं, तर मित्राला तो अपमान वाटला. इकडे पिर्सिग मात्र आपल्या साध्या होंडाचा आवाज ऐकून टॅपेट स्वतः जुळवत होता. स्वभावाची गाडी एकाकडे, तिच्याशी नातं दुसऱ्याकडे.

हे वाचून मी आमच्या पार्किंगमध्ये गेलो आणि युनिकॉर्नकडे जरा बघितलं. वीस वर्षांत मी तिची चेन किती वेळा स्वतः साफ केली? टॅपेट तर सोडाच. तिनं काही मागितलं नाही आणि मी काही दिलं नाही. मग तिला स्वभाव नाही अशी तक्रार करायचा मला हक्क काय?

असो. तत्त्वज्ञान पुरे, आता नागपूरचं बोलू.

आपलं गाव देशाच्या मधोमध. झिरो माइलपाशी उभं राहिलं की सगळंच लांब. जुना सात नंबरचा हायवे आता ४४ झाला, तो एकीकडे श्रीनगरला जातो, दुसरीकडे कन्याकुमारीला. जुना सहा आता ५३. पण नागपूरहून निघणारा सगळ्यात नवा, सगळ्यात गुळगुळीत रस्ता मात्र आपल्यासाठी नाही. समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर, शेवटचा तुकडा जून २०२५ मध्ये सुरू झाला. त्यावर दुचाकीला बंदी आहे. अनेक मित्र यावर चिडतात. मला ती बंदी पटते. १२० च्या वेगानं जाणाऱ्या मोटारींमध्ये आपण मध्ये कशाला? आणि दुसरं असं की त्यामुळे आमच्या वाट्याला कारंजा, मेहकर, सिंदखेडराजा हा जुना रस्ता राहिला. गावातून जाणारा, म्हशींसाठी थांबणारा, रसवंतीच्या घुंगरांचा. किंवा सावनेर, सौंसर करत छिंदवाड्याकडे जाणारा, जिथे पाट्या हिंदी होतात पण टपरीवरची मराठी सुरूच राहते.

या रस्त्यांना मोठं इंजिन लागत नाही. नवी ४५० ची हिमालयन, ६५० ची इंटरसेप्टर, सगळ्या सुंदर गाड्या आहेत. पण सौंसरच्या बाजारातून त्या चालवणं म्हणजे लग्नाच्या घोड्यावर बसून भाजी आणायला जाणं. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्यांचा ४० टक्के. त्यामुळे आमच्यासारख्यांसाठी सरकारनंच रेषा आखून दिली.

हा जीएसटी आठवला की माझ्या मनातला वकील लगेच उभा राहतो. बघ, किंमत उतरलीय. बघ, एबीएस आहे, या वयात सुरक्षितता हवी. बघ, तुझी जुनी गाडी २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेलीच नाही, उद्या रबरी नळ्या कुजतील. एकेक मुद्दा खराच आहे. पण मला माझा वकील चांगला ओळखता येतो. हे मुद्दे नसते तरी त्यानं दुसरे शोधले असते. माझ्या वयाच्या ज्यांनी ज्यांनी बुलेट घेतली त्यांच्याकडून मी हाच हिशोब ऐकलाय, आणि एकानंही असं म्हटलं नाही की, बाबा रे, लहानपणापासून हवी होती म्हणून घेतली. वेड लागलं तर लागू द्यावं, त्यात लाज कसली? पण वेडाला हिशोबाचे कपडे घालू नयेत. मग हिशोबही खोटा होतो आणि वेडाची मजाही जाते.

हिशोबच करायचा तर पूर्ण करू. क्लासिकचं वजन १९५ किलो. माझी दीडशेच्या आत. फरक साधारण पन्नास किलोंचा, म्हणजे सिमेंटची एक गोणी. ही गोणी चालताना जाणवत नाही. थांबल्यावर जाणवते. रामटेकला उताराच्या जागेवर उतरताना माझा पाय खड्यांवर सरकला आणि गाडी एका बाजूला कलली. कमरेतून अशी कळ आली की काय सांगू. दोन तरुण मुलं धावली आणि त्यांनी ती धरली. "काका, राहू द्या, आम्ही लावतो," म्हणाले. सौ. काही बोलली नाही. चूक माझीच होती, गाडीची नाही. पण त्या "राहू द्या" नं मला बरंच काही सांगितलं. मी छप्पन्न वर्षांचा आहे. आता जी गाडी घेईन ती बहुतेक माझी शेवटची. प्रश्न कोणत्या गाडीवर फिरायचं एवढाच नाही. आणखी किती वर्षं फिरता येईल, आणि ती वर्षं कोणत्या गाडीमुळे वाढतील, हा आहे. (ताई, तू हे वाचून लगेच फोन करू नकोस. कंबर आता ठीक आहे.)

तरी मन मानेना. शेवटी ठरवलं की एक प्रयोग करायचा. पंधरा दिवसांनी पुन्हा रविवारी, तोच रस्ता, तीच वेळ, तीच बायको. फक्त गाडी युनिकॉर्न. आणि एक अट, साठच्या वर जायचं नाही. टपरी दिसली की थांबायचं. चेन आदल्या संध्याकाळी स्वतः साफ केली, तेल दिलं, हवा तपासली. वीस वर्षांत पहिल्यांदा हात काळे झाले.

काय झालं सांगू? कन्हानच्या पुलावर नदी दिसली. मनसरच्या आधी एका शेतात संत्र्याच्या बागेला पाणी चाललं होतं, त्याचा वास आला. डोंगर दिसला. चहावाला बोलायला आला नाही, हे खरं. मग मीच त्याच्याशी बोललो. तो निघाला तुमसरचा, माझ्या आत्याच्या गावचा. अर्धा तास गेला.

परत येताना मी सौ. ला विचारलं, "कसं वाटलं? खरं सांग, कोणती बरी?"

"बसायला ती बरी होती," ती म्हणाली. "सीट मऊ, पाय नीट टेकतात. पण मला दोन्ही वेळा एकच आवडलं."

"काय?"

"तुम्ही एकदाही घड्याळ बघितलं नाही. आणि बारापर्यंत तिथं पोचायचंच, असं म्हणाला नाहीत."

मी गप्प बसलो. वीस वर्षं मी तिला मागे बसवून ठिकाणं गाठत होतो. हेमलकशाहून परतताना आलापल्लीच्या जंगलात तिनं थांबू या म्हटलं होतं, मी म्हटलं होतं, उजेडात चंद्रपूर गाठू. गाडी निमूट पळाली. बुलेट असती तर तिनंच मला हळू चालायला लावलं असतं. युनिकॉर्ननं लावलं नाही, कारण ती मी म्हणेन तशी धावत होती. स्वभाव नव्हता तो माझ्यात, आणि मी दोष गाडीला देत होतो.

खोटं बोलणार नाही. त्या प्रयोगात सगळं काही आलं नाही. तो खालून येणारा ठोका युनिकॉर्नमध्ये नाही, कितीही हळू चालवा. रामटेकच्या आनंदातला बारा आणे माझा होता आणि चार आणे बुलेटचा. ते चार आणे खरे आहेत आणि त्यांची किंमत दोन लाखांच्या पुढे आहे. ज्याला परवडतात, ज्याची कंबर साथ देते, त्यानं जरूर घ्यावेत, आणि हवी होती म्हणून घेतली असं छातीठोकपणे सांगावं. मला आधी उरलेले बारा आणे वसूल करायचे आहेत. वीस वर्षांचे थकलेत.

तर कागद भरला. मुदत वाढवून घेतोय. तपासणीत गाडी पास झाली तर आणखी ५ वर्षं. तोवर मी एकसष्ट वर्षांचा होईन, मग बघू.

आणि काल कॉटन मार्केटजवळ एका सीटवाल्याकडे गेलो होतो. मागच्या बाजूला दोन इंच जास्त फोम टाकायला सांगितला. पायाचे मागचे स्टँडही बदलायचेत. कव्हरचा रंग सौ. नं निवडला. तपकिरी. मी म्हटलं, काळ्या गाडीवर तपकिरी कसं दिसेल? तर म्हणे, "बसणार मी आहे."

पचमढीला हिवाळ्यात जाऊ. तामियाला मुक्काम करायचा, हे आत्ताच ठरवून टाकलंय.